दोन सबवूफर लावले की ७० हर्ट्‌झजवळ बेस गायब

प्रश्न: एक सब बैठकीपासून १.५ मीटरवर, दुसरा ३.९ मीटरवर. एकेकटे दणकून वाजतात. दोन्ही चालू केले की ७० हर्ट्‌झच्या आसपास मोठा खड्डा. डिले (आवाज मुद्दाम उशिरा सोडणं) कुणाला द्यायचा, किती?

उत्तर १: जवळच्याला. अंतरातला फरक २.४ मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे ७ मिलिसेकंद. ७१ हर्ट्‌झची अर्धी लहर नेमकी तेवढीच, म्हणून तिथे दोघे एकमेकांना खाऊन टाकतात.

उत्तर २: अंतर मोजायच्या टेपच्या मापावर थांबू नका, सबमधल्या डीएसपीचा (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या डिजिटल चिपचा) उशीर टेपला दिसत नाही. आधी दोघांची लेव्हल सारखी करा. मग आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) या ध्वनी मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये अकूस्टिक टायमिंग रेफरन्स (एका ठरावीक स्पीकरच्या आवाजावरून वेळ मोजायची सोय) लावून, माइक कानाच्या उंचीवर ठेवून, एकेक सब मोजा. माइक मध्येच तसूभरही हलवू नका. शेवटी दोन्ही एकत्र वाजवून डिले अर्ध्या मिलिसेकंदाने मागेपुढे करून पाहा.

उत्तर ३: मेन स्पीकरशी जुळवणी त्यानंतरच. तेव्हा दोन्ही सब एकत्रच सरकवा, त्यांच्यातला फरक मोडू नका. क्रॉसओव्हर (जिथे सबचं काम संपून मेन स्पीकरचं सुरू होतं ती फ्रिक्वेन्सी) ८० हर्ट्‌झवर असेल तर दोन्ही सबची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) तात्पुरती उलटी करा: ८०ला खड्डा जितका खोल, तितकी जुळणी पक्की. मग पोलॅरिटी आठवणीने सरळ करा.