पीएफची केस टाकली की कंपनी बुडते म्हणे!

वाळूजकर:
परवा एकानं इथं लिहिलं, "युनियननं पीएफची केस टाकली, कंपनीचं खातं गोठलं, आता पगारही अडकला. स्वतःच्याच पायावर धोंडा." डोकं फिरलं वाचून. अहो, ते १२ टक्के आमच्या पगारातून कापलेले. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. आमच्याकडं २६ महिने कापले, भरला रुपया नाही. बहिणीच्या लग्नाला पैसे काढायला गेलो तेव्हा कळलं. कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे. केस नाही टाकायची तर आरती ओवाळायची का मालकाला?

हिशेबनीस:
भाऊ, मी लहान युनिटांचीच खाती लिहितो. मोठी कंपनी बिल चार-चार महिने लटकवते. मालक आधी पगार करतो, पीएफ मागं पडतो. मग पीएफ कायद्याच्या कलम ७ ए ची, म्हणजे थकबाकी ठरवायची चौकशी, १२ टक्के व्याज, वर कलम १४ बी चा उशिराचा दंड, तो थकबाकीएवढाही लागतो. खातं सील झालं की माल बंद. मी होतो तिथं असंच शटर पडलं, ४० माणसं घरी. पुढारी मात्र दुसऱ्या गेटवर पावत्या फाडायला मोकळे.

कन्नडचा:
बुडाली तरी पीएफ आधी, हे आपल्याकडच्याच साखरेवरून ठरलंय. कन्नड-गंगापूरच्या कारखान्यांची पोती राज्य सहकारी बँकेकडं तारण होती. २००९ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, आधी पीएफ, मग बँक.
पण आमच्या अण्णांचं वेगळंच. दुसऱ्या एका कारखान्यात पॅनमन होते, साखरेचा पाक शिजवायचे. तिथं नाव ज्ञानोबा, आधारवर ज्ञानदेव. दुरुस्तीच्या फॉर्मवर मालकाची सही पाहिजे. कारखान्यात आता एक वॉचमन अन् दोन कुत्री.

जिंतूरकर:
नावाचं काय घेऊन बसलात! आमच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला १ जून ही जन्मतारीख लावली. मालकांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, आधारवर भलतीच तारीख. पेन्शन ५८ ला, पण ५८ झाले कधी हेच ठरेना.

वाळूजकर:
माझीही १ जूनच! आमच्या लाइनवर नऊ जण आहेत.

हिशेबनीस:
धागा थकबाकीचा होता. गुरुजींवर कुठं घसरायलात?

जिंतूरकर:
घसरणारच. दोन वर्षं खेटे आम्ही घालायलोत, तुम्ही नाही. तुम्हाला मालकाचंच दुखणं दिसतं, पगार तिकडूनच येतो ना?

हिशेबनीस:
ताई, माझाही पीएफ त्याच शटरमागं अडकलाय.

वाळूजकर:
मग केस टाका की!

हिशेबनीस:
बरं बाबा, कामगाराच्या कापलेल्या हिश्श्याला हात लावणारा चोर, मान्य. मालकाच्या हिश्श्याला तरी हप्ते बांधून द्या. आणि कन्नडकर, कारखाना बंद असेल तर राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते.

कन्नडचा:
चालते. गेलो होतो. साहेब म्हणाले, मी तुमच्या वडलांना ओळखत नाही.