गांबियाने दिवे काय लावले? (उत्तर लांबलंय, आधीच सांगतो)

सेरेकुंडा_रिटर्न: काल 'परखड' या आयडीने लिहिलं: "गांबियात 1947 पासून इंग्रजांची संशोधन संस्था आहे, तरी पोरं दगावली की दोष भारतीय सिरपला. एवढ्या संशोधनाने दिवे काय लावले?" मी तिथे, पश्चिम आफ्रिकेत, चार वर्षं एका तांदूळ आयातदाराकडे हिशेब लिहिले आहेत. रात्रभर डोक्यात हेच घोळत होतं.

तर दिवे. त्या संस्थेने गांबियातल्या फराफेन्नीच्या आसपासच्या गावांत कीटकनाशकात बुचकळलेल्या मच्छरदाण्या देऊन पाहिल्या. 1991 साली निष्कर्ष छापून आला: 1 ते 4 वर्षांच्या मुलांचे मृत्यू 63 टक्क्यांनी कमी. आज गडचिरोलीत सरकार औषधी मच्छरदाण्या वाटतं, त्यामागे ही गावंही आहेत.

आता 2022. पावसाळ्यात गांबियात पूर आला होता. मुलांना उलट्या, मग लघवी बंद. आधी संशय गेला पुराच्या पाण्यातल्या जंतूंवर. ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातल्या कंपनीची चार सिरपं जाहीर केली. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल, मूत्रपिंडं निकामी करणारं कारखान्यातलं रसायन. किमान 66 मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. मग रेडक्रॉसवाले घरोघरी बाटल्या गोळा करत फिरले. माझी शेजारीण प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दारात आली. आत अर्धी बाटली, तोंडाशी साखर चिकटलेली, पोरगं थुंकायचं म्हणून उरलेली. "तुझ्या देशाची आहे ना? वाच." त्या चारांतली नव्हती, पण भारतातलीच होती. मी तसं सांगितलं. तिने पिशवीला गाठ मारली आणि निघून गेली. पुढे महिनाभर मीठसुद्धा मागायला आली नाही.

परखड: रडकथा छान. आपल्या सरकारने डिसेंबर 2022 मध्ये कळवलं की त्याच कंपनीच्या राखीव, म्हणजे कारखान्यातच ठेवलेल्या नमुन्यांत विष सापडलं नाही. ते सोयीस्कर विसरलात?

निवृत्त_सिस्टर: राखीव नमुना म्हणजे स्थळाला पाठवलेला फोटो हो. पोरांच्या पोटात गेली ती बाटली वेगळी! 1986, जेजे रुग्णालय, ग्लिसरीनमध्ये हेच विष, 14 माणसं गेली. मी तेव्हा शिकाऊ नर्स होते मुंबईत. आमच्या मेट्रनने वॉर्डातल्या ग्लिसरीनच्या सगळ्या बाटल्या एका ट्रेमध्ये काढून कुलुपात ठेवायला लावल्या होत्या, तो ट्रे अजून दिसतो. त्याची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने सगळं लिहून ठेवलं. वाचलं कुणी?

ड्रमवाला: तारापुरात औषध कारखान्यात 19 वर्षं दर्जा विभागात आहे, म्हणून बोलतो. सगळ्या कंपन्यांना एका माळेत ओवू नका. सिरपमध्ये चालणारं प्रोपिलीन ग्लायकॉल दलालाकडून येतं. दलाल स्वस्त, विषारी ग्लायकॉलच्या ड्रमवर त्याचं लेबल लावतो, मालकाला किलोमागे चार रुपये वाचल्याचा आनंद. आम्ही तपासणीचा खर्च मांडला की अकाउंटवाले विचारतात, मागच्या खेपेला तपासलं होतं ना? वर इन्स्पेक्टर येतो आणि आमची रजिस्टरं चाळत बसतो. गोडाऊनकडे ढुंकूनही बघत नाही.

कोथरूडची_आई: मुळात लहान बाळांना खोकल्याचं सिरप द्यायचंच कशाला? आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं होतं.

मेडिकल_मालक: रात्री दहा वाजता किंचाळणारं पोर घेऊन तुम्हीच येता ना, "काहीतरी द्या"? नाही दिलं तर पुढच्या दुकानात. मग शिव्या केमिस्टला.

कोथरूडची_आई: मी कधीच आले नाही. चिठ्ठीशिवाय औषध विकणाऱ्याने शहाणपण शिकवू नये.

मेडिकल_मालक: बरं, तुम्ही देवी. बाकी निम्म्या गल्लीचं काय?

परखड: धागा गांबियाचा होता. आठवतंय का कुणाला?

वर्धा_रोड: गांबिया कशाला, नागपूरला या. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची, सिरपने आजारी पडलेली पोरं 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इथेच आणत होते. सिरप तमिळनाडूतलं, त्यात 48.6 टक्के तेच विष. माझा पुतण्या तेव्हा डेंग्यूने भरती होता. समोरच्या खाटेवरचा बाप दर तासाला लघवीची पिशवी हातात उचलून बघायचा. रिकामी. आणि गंमत ऐका. गांबियानंतर जून 2023 पासून निर्यातीच्या सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. देशात विकायच्या बाटलीला तसा दाखला तेव्हा लागत नव्हता. परखडराव, नाक कुठे कापलं गेलं?

परखड: हे मला ठाऊक नव्हतं. ठीक. पण माझा मूळ प्रश्न उरतोच. एवढी संस्था तिथे बसलेली असताना सिरपची बाटली तपासायला परदेशी प्रयोगशाळा का लागली?

सेरेकुंडा_रिटर्न: लिहिताना त्रास होतोय, पण हा प्रश्न बरोबर आहे. मच्छरदाणीचा प्रयोग झाला तो त्या संस्थेच्या कामात बसत होता म्हणून. बाटली तपासणं हे औषध नियंत्रणाचं काम. तसं खातं देशात होतं, प्रयोगशाळा नव्हती. गांबियातल्या केनेबा गावात 1949-50 पासून ही संस्था माणसांची वजनं टिपतेय. पावसाळ्यात धान्य संपतं, भुईमूग अजून काढायचा असतो, त्या दिवसांत जन्मलेली मुलं तरुणपणी इतरांच्या दहा पटीपर्यंत दगावतात, हे त्या वह्यांतूनच कळलं. जगाला उपयोग झाला, नाकारत नाही. पण सिरपने मूत्रपिंडं बसली तेव्हा लहान मुलांच्या डायलिसिससाठी काही जणांना सेनेगलला न्यावं लागलं. वह्या भरलेल्या, कपाट रिकामं.

परखड: म्हणजे मी बरोबर होतो.

सेरेकुंडा_रिटर्न: अर्धे. उरलेल्या अर्ध्यासाठी माझ्या शेजारणीची माफी मागा.

परखड: तिला मराठी येत असेल तर मागतो.

निवृत्त_सिस्टर: निर्लज्ज.

ड्रमवाला: भांडा. मला सहाला शिफ्ट आहे. उद्या ग्लायकॉलचे तीन ड्रम येताहेत, आमच्याकडे एकाचा नमुना घेतात.

निवृत्त_सिस्टर: तिन्हींचा घ्या.

ड्रमवाला: अकाउंटवाल्यांशी तुम्ही बोलता का?

निवृत्त_सिस्टर: नंबर द्या.