अनुभव धागा: ‘क्लू’ तुम्हाला कुठे लागला?

‘मला काही क्लूच नाही’ हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी म्हणते. या शब्दाच्या पोटात दोरा आहे, याचाही मला क्लू नव्हता! मूळ इंग्रजी अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक कथेत राजकन्या अरिआडनी वीर थीसियसला असा गुंडा देते. तो दोरा सोडत क्रीट बेटावरच्या भूलभुलैयात शिरतो, तिथल्या मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारतो आणि त्याच दोऱ्याच्या मागाने बाहेर येतो. १४व्या शतकात इंग्रजी कवी चॉसरने ही गोष्ट सांगताना हाच शब्द वापरला. पुढे गुंडा मागे पडला, वाट दाखवणं तेवढं उरलं. तुमचे अनुभव लिहा.

*

एका रहस्यकथेचा अनुवाद करत होतो. त्यातल्या हेराला दर दोन पानांनी क्लू सापडायचा. ‘पुरावा’ लिहावं तर फार वजनदार, आणि ‘सुगावा’ लागतो, सापडत नाही. शेवटी ‘धागेदोरे’ लिहिलं आणि गाडी सुटली. व्युत्पत्ती नंतर वाचली. नकळत शब्दाला त्याच्या मूळ घरीच पोचवलं होतं की! पुढे मात्र अडलो. ‘एकच क्लू’ आला, आणि धागेदोरे काही एकवचनी होईनात. ‘एक धागा’ लिहायचीही सोय नव्हती, कारण त्या प्रकरणात खरोखरच सदऱ्याचा धागा सापडतो. तिथे निमूटपणे ‘खूण’ लिहिलं. अजून खटकते.

*

शिडाची होडी शिकायच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षक ओरडले, ‘क्लू धर!’ मी इकडेतिकडे खुणा शोधतोय. शिडाच्या खालच्या मागच्या कोपऱ्याला क्लू म्हणतात, दोर तिथेच बांधतात. तोपर्यंत शीड तोंडावर आपटलं होतं.

*

मी शिक्षिका. एका मुलाने निबंधात या शब्दाचं स्पेलिंग शेवटी ‘ईडब्ल्यू’ लावून केलं, मी लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने जुन्या रहस्यकथेचं पान आणून दाखवलं. जुनं स्पेलिंग तेच. गुण परत दिले, जरा नाखुशीनेच.

*

माझा किस्सा छोटा आहे. इंग्रजी शब्दकोड्यात आडवा शब्द होता: ‘दोऱ्याचा गुंडा, चार अक्षरं’. अर्धा तास डोकं खाजवलं. उत्तर कोड्याच्या मथळ्यातच छापलेलं होतं, फक्त शेवटची दोन अक्षरं वेगळी.