अनुभव धागा : तुम्ही शिवून दिलेली गोधडी

सुईदोरा (लोकमान्य नगर, इंदूर)

दिवाळी सरली की इंदुरात रात्रीचा गारठा जाणवायला लागतो आणि कपाटातल्या जुन्या साड्या बाहेर निघतात. गोधडीचा मोसम सुरू झालाय, म्हणून हा धागा.

घरच्यांसाठी शिवणं सोपं. टाका वाकडा गेला, ठिगळ तिरकं बसलं, कोण बघतंय? भेट द्यायची म्हटली की मात्र प्रश्नच प्रश्न. जुनं कापड वापरावं की नवं? लग्नात जुनेर दिलेलं चालतं का? आणि ज्याला देतोय तो पांघरेल की ठेवून देईल? मला या शेवटच्याचा फार राग येतो. "इतकी सुंदर झालीय, वापरवत नाही गं" असं कुणी म्हणालं की माझ्या नाकात थेट डांबरगोळ्यांचा वास जातो. म्हणून मी आता मुद्दाम मळखाऊ रंग घेते, आरसे-टिकल्या लावत नाही, आणि घरच्या मशीनमध्ये मावेल एवढंच वजन ठेवते. दिसायला थोडी साधी होते, होऊ दे.

तुम्ही कुणाला दिलीत, कशाची केलीत आणि पुढे तिचं काय झालं, ते लिहा. पुढचं तर लिहाच. विकत आणून दिलेल्या जयपुरी रजया इथे नकोत.

---

आत्याची_भाची

आमच्या आत्याने गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साडी सोडली ती कायमची. "आता गाऊनच बरा, उगाच निऱ्यांत पाय अडकायला नको." आणि साड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट आम्हा भाच्यांच्या स्वाधीन केलं. ठरलं असं की वाटण्या करायच्या नाहीत, प्रत्येकीच्या गोधडीत सगळ्या साड्यांचा थोडा थोडा भाग यायला हवा.

आत्या खुर्चीत बसून देखरेख करत होती. कात्री उचलली की तिची गोष्ट सुरू. "ती नको गं, ती तुझ्या काकांनी भांडण मिटवायला आणलेली." मग ती साडी बाजूला. थोड्या वेळाने, "बरं घे, भांडण तरी कुठे मिटलं होतं!"

कामाचं सांगते. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. निऱ्यांच्या आणि बसण्याच्या जागी ती विरते. साडी उजेडासमोर धरा, विरलेलं लगेच दिसतं. तो भाग आतल्या थरात घाला आणि घट्ट उरलेला वर ठिगळांना. आत्याच्या माहेश्वरी साड्या दिसायला देखण्या, पण सूत आणि रेशीम मिसळलेलं असल्यामुळे सुळसुळतात, वरचा थर सारखा सरकतो. त्यांचे नुसते काठ काढले आणि चारी बाजूंना गोट म्हणून लावले. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे गोधडीला उलट बाजू उरतच नाही.

थर असे : खाली धुतलेलं मांजरपाट, मध्ये साड्यांच्या दोन-तीन घड्या, वर ठिगळांचा तुकडा. मग मधून कडेकडे जात लांब लांब कच्चे टाके. हे टाळू नका. नाहीतर कडेपासून गोल गोल धावदोरा घालत आत आलात की सगळं फुगून मध्यावर गोळा होतं आणि तिथे टेकडी उभी राहते. दोरा हातभरच ओवायचा, त्याला मेण फिरवायचं, गाठ दोन थरांच्या मधे ओढून लपवायची. अंगुस्तान घाला. "मला सवय नाही" म्हणणाऱ्यांची बोटं मी पाहिलीत.

पुढे काय झालं म्हणाल तर माझी रोज वापरात आहे. बहिणीची तिच्या लेकाने पळवली. तिसरीने मात्र, सुईदोराताई, तुमच्या भाषेत डांबरगोळ्या.

---

जीरावन

आमच्याकडे लग्नात जुनं कापड म्हणजे सासूबाईंच्या कपाळावर आठ्या. मैत्रिणीच्या मुलीच्या रुखवतात गोधडी ठेवायची होती. दोन्ही बाजू नव्या कोऱ्या सुती कापडाच्या केल्या आणि आत मुलीच्या आजीचं नऊवारी लुगडं. वरून बघणाऱ्याला पत्ता नाही. मुलीला तेवढं कानात सांगून ठेवलं. शास्त्र पण राहिलं, आजी पण.

---

भाऊसाहेब_निवृत्त

एका पुरुषाचा अनुभव चालेल ना? बँकेतून निवृत्त झाल्यावर बायकोच्या शिवणयंत्रावर शिकलो. हाताने धावदोरा घालण्याचा धीर नाही, सरळ मशीनच्या रेघा मारतो. कुणी नाकं मुरडतात, मुरडोत.

शाळेपासूनच्या मित्राला त्याच्या साठीला एक दिली. महिन्याभराने त्याच्या घरी गेलो तर गोधडीवर कुत्रा. मित्र ओशाळला. मी म्हटलं, भिया, निदान कुणीतरी वापरतंय. आता कुत्र्यासाठी वेगळी करून देणार आहे, जीन्सच्या कापडाची.

---

न्यूजर्सीची_मावशी

मी इंदूरची, मुक्काम सध्या लेकीकडे. बाळंतविड्यात टोपडी, झबली, दुपटी आणि एक छोटी गोधडी आणली होती. ती पाळण्यात घालायला गेले तर लेकीने हात धरला. इथे डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची शिफारसच तशी आहे : वर्षाच्या आतलं बाळ झोपताना सपाट, कडक गादी आणि तिला घट्ट बसणारी चादर, एवढंच. सुटं पांघरूण नको, उशी नको, मऊ खेळणी नकोत. तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही.

पहिल्यांदा लागलं मला, खोटं कशाला बोलू. आपली सगळी पिढी गोधडीत गुंडाळूनच वाढली. पण कारण ऐकल्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. आता ती गोधडी दिवसा जमिनीवर अंथरतो. बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसलेलं असताना, त्यावर पालथं पडतं, मान उचलतं, ठिगळांतले मोर बघतं. बारशाला गोधडी देणाऱ्यांनी ती मीटर-सव्वा मीटर चौरस करा, म्हणजे रांगायला लागल्यावरही पुरते. बटणं, मणी, सुटी झालर यांतलं काही लावू नका, सगळं तोंडात जातं.

---

गिरणीवाल्यांची_लेक

माझे वडील इंदूरच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आमच्या पोरांना मालवा मिल म्हटलं की आता चौराहा आठवतो, माझ्यासाठी ते भोंग्याचं घड्याळ होतं. आईने गिरणीच्या लठ्ठ्याच्या चादरी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. इतकी वर्षं घडीत राहून घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या, पण पोत अजून असा की नखाने ताणला तरी सुताला सूत सोडत नाही.

वडिलांबरोबर काम केलेले एक काका अजून आहेत, पंचाऐंशीच्या पुढचे. त्यांच्यासाठी त्या लठ्ठ्याचं अस्तर लावून गोधडी केली. काकांनी वरची माझी ठिगळं बघितलीच नाहीत. उलटी केली, कापड दोन बोटांत चोळलं, कड शोधली आणि ताणा-बाण्याबद्दल मला न कळणारं बरंच काही बोलले. मग सुनेला म्हणाले, "हीच बाजू वर ठेवायची." तेव्हापासून गोधडी उलटीच पांघरतात.

---

कतरन

थोडं कडवट लिहिते. एकदा कुणाला दिली की "मला पण एक कर ना, तुला काय, हात चालतोच" सुरू होतं. हाताने डबल बेडची गोधडी म्हणजे रोज संध्याकाळी बसलं तरी महिने जातात. आणि मागणारी व्यक्ती साडीसुद्धा आणून देत नाही. आता माझा नियम : कापड तुमचं, ठिगळं कापायला तुम्ही स्वतः यायचं. निम्मी मागणी तिथेच गळते. जी येतात त्यांच्याशी गप्पा मात्र झकास होतात.

बाकी, रेडिमेडवाल्यांकडे कतरन किलोवर मिळते. त्यात सिंथेटिक मिसळलेलं असतं, ते आधी निवडून काढा. एक धागा जाळून बघायचा. सुताची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो, पॉलिएस्टरचा टणक मणी होतो.

---

नवी_सुई

प्रश्न विचारू का? वहिनीसाठी बाग प्रिंटची करायला घेतलीय. लाल आणि काळा. पांढऱ्या मांजरपाटावर रंग उतरेल का?

---

सुईदोरा

@नवी_सुई, धार जिल्ह्यातल्या बागचा अस्सल छापा असेल तर लाल अलिझरीन आणि तुरटीचा, काळा लोखंडाचा. कारागीर कापड वाहत्या पाण्यात धुतात, उकळतात, त्यामुळे तो तसा पक्का. पण बाग म्हणून स्क्रीन प्रिंटही विकलं जातं. पांढरा रुमाल ओला करून लाल भागावर जोरात चोळून बघ. डाग पडला तर कापड वेगळं भिजव, पाणी निवळ होईपर्यंत धू, आणि तरीही उतरत राहिलं तर सरळ गडद अस्तर लाव. मिठात भिजवून रंग पक्का होतो यावर भिस्त ठेवू नकोस.

@भाऊसाहेब, मशीनच्या रेघा चालतील, फक्त फार जवळ मारू नका, गोधडी पुठ्ठा होते. चार बोटं अंतर ठेवा.

@कतरन, तुमचा नियम चोरतेय.

---

नवी_सुई

धन्यवाद ताई. रुमालावर गुलाबी डाग आला 😟 आता अस्तराला काय घेऊ? आणि मांजरपाट आणलंय त्याचं काय करू?

---

आत्याची_भाची

मांजरपाट आत घाल, वाया कशाला जातंय. अस्तराला मरून किंवा काळसर निळं सुती घे, एमटी क्लॉथ मार्केटमध्ये थानातून कापून मिळेल. शिवायच्या आधी दोन्ही धुऊन घे, नवं सुती पहिल्या पाण्यात आटतं, म्हणून मापापेक्षा हातभर जास्तच आण. शनिवारी मी जाणारच आहे तिकडे. यायचं असेल तर कळव, पोहे खाऊन निघू.