मदत हवी आहे: खोडवा मोडल्यावर परत ऊस लावू का इथेनॉलसाठी मका करू? (निपाणी भाग)

नमस्कार मंडळी,

निपाणीजवळ वेदगंगेकाठी आमची चार एकर आहे, त्यातल्या दोन एकरातला खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) तुटून गेला की मोडायचाय. आप्पा म्हणतात 86032 या उसाच्या जातीचीच लावण करू, मी म्हणतो यंदा मका बघू, रोज जेवताना हाच विषय.

मका का, तर मक्याच्या इथेनॉलला लिटरला 71.86 रुपये आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला 65.61. हा रसाचा दर 2022-23 पासून तिथंच अडकलाय आणि तेवढ्यात एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) 2025-26 पर्यंत क्विंटलला 305 वरून 355 वर गेली, मग कारखाना रस इथेनॉलला कशासाठी वळवेल? वर केंद्राचा भरवसा नाही, डिसेंबर 2023 ला हंगाम सुरू असताना रसाचं इथेनॉल बंद केलं, परत आठवड्यात 17 लाख टन साखरेइतकंच इथेनॉलला वळवायची मर्यादा घालून सोडलं. पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल मिसळायचं टार्गेट 2030 चं होतं ते 2025 लाच झालं, आता पुढं मागणी वाढणार कशी?

पण मक्याचंही सोपं नाही. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2400 होता आणि 2025 च्या नोव्हेंबरात आपल्या कर्नाटकात बाजारभाव त्याच्या बराच खाली होता. त्याच महिन्यात आपल्या बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसला ऊसदराचं आंदोलन झालं, मागणी टनाला 3500 ची, मिटलं 3300 वर. आप्पा तेच धरून बसलेत, की उसाला निदान रस्त्यावर उतरणारे लोक आहेत, मक्याला कोण आहे. याला माझ्याकडं उत्तर नाही.

अजून एक. आमचं उसाचं बिल कन्नडात असतं, आप्पांना मीच वाचून दाखवतो, वजन, तोडणी-वाहतूक, कपात, दर, बस. इथेनॉलचं एक अक्षर नाही, आणि रात्री वारं फिरलं की डिस्टिलरीचा आंबूस वास पार सोप्यात येतो. केंद्राच्या रंगराजन समितीनं 2012 ला साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या पैशातला 70 टक्के वाटा शेतकऱ्याला द्या म्हणून सांगितलेलं, त्यातलं आपल्या भागात कुणाला काय मिळालंय का? आणि बी हेवी मळी (सगळी साखर न काढता मधेच बाजूला काढलेली मळी) इथेनॉलला गेली तर साखर कमी निघते, मग आपला उतारा (उसातनं किती टक्के साखर निघाली ते) धरतात कसा, कुणी बिल बघून सांगू शकेल का?

चिकोडी, अथणी, कागवाडकडं कुणी डिस्टिलरीला थेट मका घातला असेल तर ओलावा किती चालतो, पैसे किती दिवसांत येतात तेवढं लिहा. बेणं सांगून ठेवायला पंधराच दिवस आहेत.