वाशीतला कॉन्फरन्स हॉल 'सस्टेनेबल' करायचाय, पहिला पैसा कुठे घालू?

हॉलवाला_वाशी

नमस्कार मंडळी. वाशी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचे दोन हॉल आहेत, एक १८० खुर्च्यांचा आणि एक ६० चा. सासऱ्यांनी सुरू केलेले, गेली चार वर्षं मी बघतोय. लग्नं-मुंजी घेत नाही, कंपन्यांची ट्रेनिंगं, डॉक्टर लोकांचे सेमिनार, डीलर मीट असलंच सगळं.

तर आमचं जुनं गिऱ्हाईक आहे, महापेची एक कंपनी, वर्षाला आठ-दहा बुकिंग देते, त्यांनी यावेळी बुकिंगच्या आधी सहा पानी फॉर्म पाठवलाय. कचऱ्याचं काय करता, वीज किती जाळता, सफाईवाल्यांना पगार किती, व्हीलचेअर आत येते का, वगैरे वगैरे. आधी हसलोच मी. मग भरायला बसलो आणि तिसऱ्याच प्रश्नाला गाडी अडली, "एका कार्यक्रमाचा कचरा किती किलो?" आता हे कोण मोजतं यार! एक कन्सल्टंट येऊन गेला, म्हणे आयएसओ २०१२१ (कार्यक्रम सस्टेनेबल पद्धतीने करायचं आंतरराष्ट्रीय मानक) करून घ्या, सगळे प्रश्न मिटतील. त्याची फी ऐकून एसीत घाम फुटला.

ट्यूबलाइटी काढून एलईडी लावलेत, लॉबीत तीन रंगांचे डबे ठेवलेत. हॉल तळमजल्याला, गच्ची आमची नाही, म्हणजे सोलरचा विषयच नाही. हाताशी दीड-दोन लाख आहेत, ते कुठे घालू ते सांगा.

पंगत_ठाणे

दादा, सर्टिफिकेट राहू द्या बाजूला. ते २०१२ साली लंडन ऑलिम्पिकच्या सुमारास आलंय, मोठमोठ्या इव्हेंटवाल्यांना ठीक आहे. तुमचा पैसा जेवणात जातोय बघा. मी नौपाड्यातून कॉर्पोरेट जेवणं करते, आधी बचत गट होता आता स्वतःचं किचन आहे. १८० सांगतात, १३० येतात आणि जेवण मात्र १८० चंच बनवून ठेवायचं, कारण ऑर्डर देणाऱ्या एचआरच्या पोरीला कमी पडायची भीती वाटते, तिची तरी काय चूक. आम्ही एक करतो, साडेदहाला रजिस्ट्रेशन संपलं की हॉलचा माणूस आम्हाला नुसता आकडा फोन करतो, तोवर भाजी-आमटी झालेली असते पण भात आणि पुऱ्या दोन घाण्यांत काढतो, दुसरा घाणा आकडा बघून. एवढ्यानेच पातेलं बरंच हलकं येतं परत. गुलाबजाम कधीच उरत नाहीत, ते मोजूच नका :)

उरलेलं कुणाला द्यायचं असेल तर ते आधी ठरवून ठेवा, चार वाजता फोन फिरवायला लागलात की डाळ विटलीच समजा. आणि फक्त पातेल्यातलं द्यायचं, काउंटरवर उघडं पडलेलं नाही.

कागदी कप वापरत असाल तर आतून हात फिरवून बघा, प्लॅस्टिकचा थर असतो. ते आपल्या राज्यात २०२२ पासून बंदीत आहेत तरी सगळीकडे मिळतात. सरळ स्टीलचे पेले घ्या, धुवायला बाई ठेवा.

एसीवाला_रबाळे

जेवणाचं ताई बोलल्या, मी माझं बोलतो. हॉलची डक्टेबल युनिटं (डक्टमधून हवा सोडणारे मोठे एसी) किती जुनी आहेत? दहा-बारा वर्षांची असतील तर गॅस बहुधा आर-२२ असणार. हा गॅस किलोभर गळला तर जवळपास १८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. आणि तुमचा माणूस दर उन्हाळ्यात "गॅस कमी झालाय साहेब" म्हणून टॉपअप मारून जातो, बरोबर ना? गॅस काय पेट्रोल आहे का संपायला, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय! आधी नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करून घ्या, बहुतेक वेळा फ्लेअर नटला (पाइपच्या जोडावरचा नट) नाहीतर कॉइलच्या बेंडला सापडतं. आपल्याकडे खाडीची खारी हवा, कॉइल लवकर सडते. नवीन मशीन आर-२२ वर बनवणं २०२५ पासून बंदच झालंय, म्हणजे कधी ना कधी बदलावंच लागणार, पण आज दीड लाखात ते होणार नाही, गळती मात्र थांबेल.

दुसरं, रिमोट कुणाच्या हातात असतो? माइकवाल्याच्या. तो १८ वर लावतो आणि बायका ओढण्या गुंडाळून बसतात. २४-२५ ला ठेवा. बीईई (वीज बचतीचं बघणारी सरकारी संस्था) म्हणतं डिग्रीमागे साधारण सहा टक्के वीज वाचते.

फुकट_सल्ला

सगळी नाटकं. दोनशे माणसं बेंगळुरू-दिल्लीहून विमानाने आणायची आणि इथे लाकडी चमच्याने आइस्क्रीम खायचं.

हॉलवाला_वाशी

@फुकट_सल्ला पूर्ण चूक नाही तुमचं, पण आमच्याकडे येणारे निम्म्याहून जास्त ठाणे, ऐरोली, पनवेलचेच असतात. तरी गाडी घेऊन येतात आणि मग पार्किंगवरून माझ्या वॉचमनशी भांडतात. आमंत्रणावर फक्त गुगल मॅपची लिंक असते. आता बुकिंगबरोबर चार ओळी देतोय, ट्रान्सहार्बर किंवा हार्बर लोकलने वाशीला उतरा, कुठल्या बाजूने बाहेर पडा, कुठे वळा.

मागचा_दरवाजा

मी नऊ वर्षं हाऊसकीपिंग सुपरवायझर होतो, हॉलचं नाव घेत नाही. तुमच्या त्या तीन रंगांच्या डब्यांचं सांगतो काय होतं. कार्यक्रम संपतो साडेसहाला, सातला दुसरी पार्टी स्टेज लावायला येते. अर्ध्या तासात १८० खुर्च्या, कार्पेट, दोन टॉयलेट आणि तो कचरा, माणसं तीन. हिरवा-निळा-लाल सगळं एकाच काळ्या पिशवीत जातं, जाणारच! डब्यांत लोकांनीपण गंमतच केलेली असते, ताटात हात पुसलेला टिश्यू, वर अर्धी बाटली पाण्याची. त्या बाया हाताने निवडणार का ते? हातमोजे दिलेत का? दोन बुकिंगमध्ये दीड तास ठेवा आणि त्या जास्तीच्या वेळेचे पैसे थेट त्यांना मिळतील असं बघा. कचरा तेव्हाच वेगळा होईल, नाहीतर पोस्टरच लावत बसा.

आणि एकदा बघा त्या जेवतात कुठे. आमच्या बाया जिन्याखाली पुठ्ठा टाकून बसायच्या, बाजूला फिनेलचे कॅन. आत पाहुण्यांना पनीर आणि यांचा डबा सकाळचा. कॉन्ट्रॅक्टरकडे पगाराची स्लिप मागा, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) नंबर मागा, २१,००० पर्यंत पगारवाल्यांना ते लागू असतं. कापतात पण भरतात का, ते त्या नंबरवरनंच कळतं. आमच्याकडे एकीचं बाळंतपण आलं तेव्हा कळलं की कार्डच नाही.

चाकांवरून

व्हीलचेअरचा प्रश्न फॉर्ममध्ये आहे त्याचं उत्तर "हो" लिहू नका प्लीज, आधी मोजा. उताराचं माप १ ला १२ असतं. दारात सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट लांब रॅम्प लागतो. लोक चार फुटांची लोखंडी पाटी टाकतात आणि म्हणतात रॅम्प आहे. मला तिच्यावरून चौघांनी उचलून नेलंय, भाषण द्यायला गेलो होतो मी. आणि अपंगांच्या टॉयलेटमध्ये जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्या असतील तर त्या काढा.

हॉलवाला_वाशी

मंडळी, उशिरा लिहितोय, मध्ये तीन कार्यक्रम होते. @चाकांवरून तुम्हाला आमचं टॉयलेट कुणी दाखवलं? खुर्च्याच होत्या हो, वर एक स्टँडीपण. काढल्यात. पायऱ्या दोन आहेत, बारा फूट बसतोय, फॅब्रिकेटर माप घेऊन गेला. एसीची गळती सापडली, फ्लेअर नटच.

भंगारवाल्याचा काटा उसना आणून एक कार्यक्रम मोजला. माणसं १४२ (बुकिंग १८० चं). बाटल्या आधी ओतून घेतल्या, मग सगळं मिळून ४६ किलो. दिवसाला १०० किलोच्या वर गेलं असतं तर आम्ही बल्क वेस्टवाल्यांत (जास्त कचरा करणाऱ्यांत, त्यांना नियम वेगळे) गेलो असतो, म्हणजे तेवढे तरी सुटलो. त्यात १९ किलो अन्न. पण मला धक्का बसला तो पाण्याचा. अर्धवट प्यायलेल्या बाटल्यांचं पाणी सफाईच्या ताई बादलीत ओतत होत्या, दोन बादल्या भरल्या तरी चालूच. मी म्हटलं रोज एवढं असतं? त्या म्हणाल्या, "आज कमीच हाय, परवा डॉक्टर लोकांचं होतं ना." आता स्टेजवरसुद्धा बाटली बंद, तांब्या-पेला. एका पाहुण्याने तोंड वाकडं केलं, करू दे.

दीड तासाच्या गॅपने महिन्याची दोन-तीन संध्याकाळची बुकिंगं जाणार, ते गणित अजून बसत नाहीये. बायकोचं म्हणणं भाडं वाढव. बघू. सफाईच्या बायांना जेवायला स्टोअररूम अर्धी रिकामी करून टेबल-पंखा लावलाय, कॉन्ट्रॅक्टरकडे स्लिपा मागितल्यात, "पाठवतो साहेब" चाललंय आठवडाभर.

फॉर्ममध्ये तिसऱ्या प्रश्नापुढे ४६ लिहून पाठवलं. भंगारवाला काटा परत मागतोय, एपीएमसीच्या आसपास १०० किलोचा चांगला काटा कुठे मिळेल कुणाला माहितीय का?