हर्डल सहज ओलांडणारा घोडा नॉव्हिस चेसमध्ये का पडतो?

रेलिंगवरचा_प्रेक्षक
नमस्कार मंडळी. महालक्ष्मीला फक्त फ्लॅट रेस होतात, त्यामुळे जंप रेसिंगबद्दल विचारायला आपल्याकडे माणसं कमी सापडतात. ब्रिटनच्या नॉव्हिस चेस, म्हणजे नवख्या घोड्यांच्या स्टीपलचेस (उंच, पक्क्या अडथळ्यांच्या रेस) बघताना एक कोडं पडतं. हर्डलवर, म्हणजे ठेंगण्या अडथळ्यांवर, अख्खा सीझन स्वच्छ उड्या मारलेला घोडा स्टीपलचेसला आला की पहिल्या-दुसऱ्या रेसमध्येच आडवा होतो. उंचीला ताकद कमी पडते, की सराव? फॉर्ममध्ये, म्हणजे आधीच्या निकालांच्या नोंदीत, नावापुढे ‘एफ’ आणि ‘यू’ दिसतात, ते एकाच मापाने मोजायचे का? आणि रेसमधून निवृत्त झालेल्या थरोब्रेडला (रेसच्या जातीच्या घोड्याला) मुंबईत वाळूच्या रिंगणात जंपिंग शिकवायचं तर यातलं काय कामाला येईल?

चौथी_टाप
ताकद कमी पडल्याने पडणारे घोडे फार थोडे. ब्रिटनमध्ये हर्डल किमान 3 फूट 6 इंच, म्हणजे 1.07 मीटर असतं. चेसचा फेन्स, वॉटर जंप सोडला तर, किमान 4 फूट 6 इंच, म्हणजे 1.37 मीटर. निरोगी थरोब्रेडला एवढी उंची जड नाही.

खरा फरक अडथळ्याच्या बांधणीत आहे. हर्डल म्हणजे जमिनीत ठोकलेली, डहाळ्या विणलेली चौकट. खूर लागला की ती पुढे झुकते आणि घोडा निभावून जातो. त्यामुळे तो पाय फार न उचलता, सपाट उडीत वेग राखायला शिकतो, आणि हर्डलच्या रेस त्याने जिंकताही येतात. चेसच्या फेन्समध्ये बर्चच्या काटक्या गच्च ठासलेल्या असतात. वरचे काही इंच हलतात, खालचा भाग हलत नाही. हर्डलवर खपलेली सवय इथे थेट अंगाशी येते. शिवाय दोन मैलांत हर्डल किमान 8, फेन्स किमान 12. चुकायच्या जागाच दीडपट.

आता वेग धरा. दोन मैलांची चेस साधारण चार मिनिटांत संपते, म्हणजे सेकंदाला 13-14 मीटर. गॅलपचा (भरधाव चालीचा) एक स्ट्राइड, म्हणजे एक पूर्ण झेप, सहा-सात मीटरचा. टेक-ऑफची जागा अर्ध्या मीटरने चुकली तर वेळेच्या हिशोबात ती चूक सेकंदाच्या पंचविसाव्या भागाची असते. तेवढ्यात घोड्याने ठरवायचं असतं की लांबून उडायचं, की एक आखूड स्ट्राइड घालून जवळून. जुना चेसर हे स्वतःच करतो. नॉव्हिसला बहुतेकदा लांबूनच उडणं माहीत असतं.

फार जवळ गेला तर पुढचे पाय वेळेत दुमडत नाहीत. गुडघा किंवा त्यावरचा भाग फेन्सला अडतो, पुढचं अंग थांबतं, मागचं वेगाने येत राहतं आणि घोडा डोक्यावरून उलटतो. सर्वांत वाईट पडणं हेच. फार लांबून उडाला तर कमान उतरायला लागल्यावर पोट किंवा मागचे पाय बर्चमध्ये अडकतात. तेव्हा घोडा बरेचदा उभा राहतो, पण धक्क्याने जॉकी जातो.

शाडूची_लगाम
चौथी_टाप यांच्याशी सहमत, फक्त लँडिंगही धरायला हवं. टेक-ऑफ बरोबर असूनही घोडे पडतात. उतरताना आधी एक पुढचा पाय टेकतो, मग दुसरा, आणि क्षणभर सगळा भार त्या एका पायावर असतो. फेन्स उतारावर असेल, चेल्टनहॅमच्या रेसकोर्सवर आहेत तसे, तर जमीन अपेक्षेपेक्षा उशिरा लागते. अंधारात जिन्याची एक पायरी जास्त निघाली की माणूस जसा कोलमडतो, तसं होतं. नाक जमिनीला लागतं, पुढचे पाय मागे राहतात. एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवरचा बिचर्स ब्रूक हा फेन्स अवघड आहे तो याचसाठी. तिथे उतरण्याची बाजू चढण्याच्या बाजूपेक्षा खाली आहे. अशा वेळी जॉकी मागे बसून लगाम हातातून सरकू देतो, म्हणजे घोड्याला मान लांब करून तोल सावरता येतो. लगाम घट्ट धरून ठेवणारा स्वतःही जातो आणि घोड्यालाही पाडतो.

दुसरं म्हणजे गर्दी. पुढच्या घोड्याच्या शेपटीला चिकटून पळणाऱ्या नॉव्हिसला फेन्स दिसतो तोच मुळी उशिरा. शहाणा जॉकी त्याला बाहेरच्या बाजूला, समोर मोकळं राहील असा ठेवतो, मग घोड्याच्या चार लांब्या जास्त पळाव्या लागल्या तरी चालतील. एन्ट्रीलाच होणाऱ्या ग्रँड नॅशनल रेसचे घोडे 2024 पासून 40 वरून 34 केले, त्यामागेही गर्दी कमी करण्याचाच विचार आहे. फेन्सच्या आतला लाकडी गाभा काढून 2013 मध्ये प्लॅस्टिकचा घातला, तोही सुरक्षेसाठीच.

फॉर्मवाचक_परळ
अक्षरं सारखी धरू नका. ‘एफ’ म्हणजे घोडा स्वतः पडला. ‘यू’ म्हणजे घोडा उभा राहिला पण जॉकी उडाला. ‘बी’ म्हणजे दुसऱ्या पडलेल्या घोड्याने त्याला पाडलं, यात त्याच्या उडीचा दोष नाही. ‘आर’ म्हणजे उडायला नकार, ‘पी’ म्हणजे जॉकीने मध्येच थांबवलं. ‘यू’ दिसला की फेन्सजवळ काय झालं ते रेसच्या वर्णनात वाचा. जोरदार चूक करून जॉकी गेला असेल तर तो ‘एफ’च्या जवळचाच. पहिल्याच फेन्सला पडलेला आणि शेवटून दुसऱ्याला थकून पडलेला, हेही वेगळे. पहिला बहुतेक वेगात आणि उतावीळपणात चुकलेला असतो, दुसऱ्याचे पाय उचलायचेच बंद झालेले असतात.

आणखी एक. घोड्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यामुळे हिरव्या पार्श्वभूमीवर नारिंगी पट्टी त्याच्या डोळ्यांत मिसळून जाते. ब्रिटनमध्ये 2022 पासून फेन्सच्या पायथ्याशी असणाऱ्या टेक-ऑफच्या फळ्या आणि हर्डलच्या पट्ट्या नारिंगीच्या पांढऱ्या करायला सुरुवात झाली, ती याच कारणाने. हिवाळ्यात सूर्य खाली असेल आणि समोरून डोळ्यांवर येत असेल तर ते फेन्स रेसमधून वगळतातही.

रेलिंगवरचा_प्रेक्षक
फार उपयोगी! मग धाडसाने, लांबून उडणारा नॉव्हिस दिसला की खूश व्हायचं की सावध?

चौथी_टाप
दोन-तीन फेन्सवर तसा उडाला तर छान. प्रत्येक फेन्सवर लांबूनच उडायला मागत असेल तर सावध. ओपन डिचवर (पुढे खड्डा असलेल्या फेन्सवर) तो शोभून दिसतो, कारण खड्ड्यापुढची फळी त्याला लवकर उडायला सांगते. साध्या फेन्सला मधल्या अंतरात सापडला की त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो. एखाद्या फेन्सला आखडून, टुणकन उडी मारणारा घोडा टीव्हीवर कंटाळवाणा वाटतो, पण पुढच्या रेसला मी त्याच्याकडे जास्त लक्ष देईन. दमछाकीच्या टप्प्यावर चाबूक मारत वेग वाढवून फेन्सवर जाणं तर नॉव्हिससाठी फार धोक्याचं.

वाळूतला_उस्ताद
मुंबईतल्या प्रश्नाकडे येतो. इथे 1.37 मीटर डोक्यातून काढा. शिकवायचं ते एकच, पावलं लांब-आखूड करणं.

रेसचा घोडा लगामावर भार टाकून पळायला शिकलेला असतो. तुम्ही ओढलं की तो आणखी जोर लावतो. म्हणून आधी ट्रॉट (दुडकी चाल) आणि कँटरमध्ये (संथ दौडीत) सैल लगामावर थांबणं, वळणं, डाव्या-उजव्या दोन्ही दिशांना चालणं. रेसकोर्सवर एकाच दिशेने वळल्यामुळे एक बाजू ताठ असतेच. हे न करता पोल लावले तर पुढचं सगळं बिघडतं.

मग जमिनीवरचे पोल, ट्रॉटला 1.3 ते 1.4 मीटर अंतराने, आधी तीन, मग पाच. ते शांतपणे जमले की शेवटी 40-50 सेंटिमीटरचा क्रॉस-पोल (फुलीसारखे लावलेले दोन पोल), त्याच्या अडीच मीटर आधी एक पोल जमिनीवर. तो पोल घोड्याला टेक-ऑफची जागा दाखवतो. पुढे त्या क्रॉस-पोलपासून सुमारे साडेपाच मीटरवर दुसरा छोटा जंप लावा, म्हणजे मध्ये एक कँटर स्ट्राइड बसेल. घाई करत असेल तर अंतर वाढवून त्याला खूश करू नका, तेवढ्यातच त्याला आखडायला शिकू द्या. ग्राउंड लाइन, म्हणजे जंपच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवलेला पोल, नेहमी टेक-ऑफच्या बाजूला जंपच्या पुढे 15-20 सेंटिमीटर ठेवा, मागे कधीच नको. मागे गेली की घोडा अंतर चुकीचं मोजतो आणि फार जवळ येतो.

उंची एका वेळी 10 सेंटिमीटरच वाढवा, आणि आधीच्या उंचीवर सलग स्वच्छ उड्या झाल्याशिवाय नाही. आठवड्यात दोन दिवस, दर वेळी 15-20 उड्या बस्स. पुढच्या पायांना समोरून उघडे टेंडन (स्नायुबंध) जपणारे बूट आणि घंटीसारखे ओव्हररीच बूट घाला, मागच्या खुराने पुढचा नाल उपटण्याचा प्रकार या घोड्यांत खूप होतो. मुंबईच्या दमट हवेत काम सकाळी लवकर उरका. वाळू कोरडी आणि खोल असेल तर पाणी मारून, फळी फिरवून घट्ट करा. खोल वाळूत उडी मारून स्नायुबंध दुखावले की महिने जातात. स्वाराने घोड्याच्या मानेत पट्टा बांधून तो धरावा, तोल गेला की लगामाला लटकणं टळतं.

खूर_आणि_हाड
उस्तादांच्या यादीआधी एक गोष्ट करा. पहिला पोल लावण्यापूर्वी पशुवैद्याकडून पाठ, मागचे सांधे आणि पुढच्या पायांचे टेंडन तपासून घ्या. निवृत्तीचं कारण पायाची दुखापत असेल तर जंपिंग मुळात योग्य आहे का, हे आधी ठरवा. आणि काल उडणारा घोडा आज थांबला तर टाच मारण्याआधी खोगीर काढून पाठीवर हात दाबून बघा. अंग चोरत असेल तर त्या दिवसाचं काम तिथेच बंद करा.